गेममधलं संगीत खेळणाऱ्याकडे बघून कसं बदलतं? पुण्याच्या 'राजी'पासून सिंधुदुर्गातल्या दशावतारापर्यंत

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, कुठल्याही गावात रात्री उशिरा देवळासमोर दशावतार उभा राहतो. मंचावर सिंहासन म्हणून एक बाकडं, बाजूला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं, संवाद मात्र नट तिथल्या तिथे रचतात. त्यामुळे पुढच्या मिनिटाला काय होणार हे पखवाजवाल्यालाही नेमकं ठाऊक नसतं. राक्षस आता तलवार उपसणार की अजून दोन वाक्यं बोलणार, हे तो नटाच्या पायाकडे बघून ओळखतो. पाऊल आपटलं की थाप पडते. युद्ध जुंपलं की लय चढते आणि झांज आत येते.

व्हिडिओ गेमला संगीत देणाऱ्यापुढे हाच पेच असतो. सिनेमाच्या संगीतकाराला माहीत असतं की मारामारी दोन मिनिटं दहा सेकंदांची आहे. गेममध्ये एक खेळाडू ती वीस सेकंदांत संपवतो, दुसरा दहा मिनिटं धडपडतो आणि तिसरा दारातच उभा राहून भिंतीवरची नक्षी बघत बसतो. तिघांनाही संगीत आपल्यासाठीच वाजतंय असं वाटायला हवं. आणि संगीतकार तर तिथे हजर नसतो. त्याने आपलं काम काही महिने आधीच संपवलेलं असतं.

हे काम प्रत्यक्षात कसं होतं आणि छोट्या टीमला ते किती महागात पडतं, हे समजून घ्यायला महाराष्ट्रातलंच एक चांगलं उदाहरण आहे. पुण्यात तयार झालेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक'.

'राजी' काय आहे?

नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओने हा गेम बनवला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे त्याचे संस्थापक. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर हल्ला करतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाला शोधायला निघते. तिचा हा सगळा प्रवास दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. म्हणजे गेमला दोन सूत्रधार आहेत.

'राजी' हा इंडी गेम आहे. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशावर आणि हुकमावर न चालता स्वतंत्रपणे बनवलेला गेम. त्यात एकट्या माणसाने खोलीत बसून केलेला गेमही आला आणि दहा-पंधरा जणांच्या टीमने केलेलाही. अमेरिकेतल्या एरिक बॅरोनने 'स्टारड्यू व्हॅली' जवळपास साडेचार वर्षं एकट्याने केला. चित्रं, कोड, कथा, संगीत, सगळं त्याचंच. तो 2016 साली आला. कॅनडातल्या मोल्डनहॉवर बंधूंनी 'कपहेड'साठी घर गहाण टाकलं, कारण त्यांना गेममधलं प्रत्येक पात्र 1930 च्या दशकातल्या कार्टूनसारखं कागदावर हाताने काढायचं होतं.

'राजी'चीही गोष्ट पैशाच्या बाबतीत फार वेगळी नाही. टीमने सुरुवातीला किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. किकस्टार्टरचा नियम कडक आहे. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक रुपयाही हाती येत नाही. 'राजी'ची रक्कम जमली नाही. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकाने स्वतःचं घर विकलं. पुढे सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला आणि 18 ऑगस्ट 2020 रोजी गेम आधी निनटेंडो स्विचवर, मग 15 ऑक्टोबरला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला.

आधी सगळं करड्या ठोकळ्यांचं असतं

सोशल मीडियावर एखाद्या नव्या गेमचा सुंदर ट्रेलर दिसतो तेव्हा वाटतं, चित्रं झाली म्हणजे गेम झाला. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. आधी अख्खी लेव्हल साध्या करड्या ठोकळ्यांनी बांधतात. ना रंग, ना नक्षी. उडी कुठून कुठे पोचते, शत्रू कुठून येतो, खेळाडू वाट चुकतो का, एवढंच त्यात तपासलं जातं. हे जमल्याशिवाय कलाकाराने भिंत रंगवली तर ती पुढे पाडावी लागते आणि तेवढा पगार वाया जातो. घर विकून चालवलेल्या स्टुडिओला ते परवडत नाही.

लेव्हल डिझाइन म्हणजे काय हे मालवणकरांना वेगळं शिकवायला नको. समोरच्या कुरटे बेटावर ते उभं आहे. शिवाजी महाराजांनी 1664 साली सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. त्याचा मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात असा लपवलेला आहे की होडीतून येणाऱ्याला अगदी जवळ येईपर्यंत दार कुठे आहे ते कळत नाही. आत शिरल्यावर चारी बाजूंनी खारं पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी सापडतात. येणाऱ्याला काय दिसू द्यायचं, काय लपवायचं आणि आत आल्यावर त्याच्या हाती काय लागेल, याचाच हिशोब लेव्हल डिझायनर करतो. फक्त किल्ला शत्रूला वाट सापडू नये म्हणून बांधतात आणि गेम खेळाडूला ती थोड्या कष्टाने सापडावी म्हणून.

'राजी'च्या टीमने प्रेरणा घेतली ती राजस्थानच्या किल्ल्यांची आणि महालांची. रंगासाठी मात्र ते हिमालयाच्या पायथ्याला गेले. कांगडा, बसोली, गुलेर इथल्या दरबारांत वाढलेल्या पहाडी लघुचित्रांची शैली त्यांनी निवडली. गेममधल्या वस्तू त्रिमितीय आहेत, पण त्यांच्या पृष्ठभागावरचा रंग हाताने रंगवल्यासारखा दिसतो. कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही, तो गेमच ठरवतो. हे बंधन काहींना खटकलं. पण त्यामुळे चित्रकाराला नेमकं माहीत असतं की ही भिंत कोणत्या बाजूने बघितली जाणार आहे. खेळाडू चालत राहतो आणि समोर जणू एकेक लघुचित्र उलगडत जातं. छोट्या टीमसाठी ही चांगलीच काटकसर आहे. जी बाजू दिसणारच नाही, ती रंगवायची कशाला?

या गेममध्ये भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की त्या चित्रातली कथा निवेदनातून ऐकू येते. कथेतले काही भाग छाया-बाहुल्यांच्या रूपात दिसतात. इथे सिंधुदुर्गच्या वाचकाला कुडाळजवळचं पिंगुळी आठवल्याशिवाय राहणार नाही. पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे नेमकं हेच. एका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कलाकार एकेक चित्र उभं धरतो, गात गात त्यातला प्रसंग सांगतो आणि वीणा, टाळ, हुडूक साथीला असतात. याच समाजात कळसूत्री बाहुल्या आहेत आणि पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्याही आहेत. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाचा या कलेला आश्रय होता. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कामासाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या घरच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं आहे.

याचा अर्थ 'राजी'च्या बाहुल्या पिंगुळीवरून घेतल्या असा नाही. छाया-बाहुल्यांच्या परंपरा आंध्र, कर्नाटक, केरळ, ओडिशा, थेट इंडोनेशियापर्यंत आहेत. मुद्दा वेगळा आहे. महागडं ॲनिमेशन परवडत नसताना कथा कशी सांगायची, हा प्रश्न 'राजी'च्या टीमपुढे होता आणि पिंगुळीच्या पूर्वजांपुढेही होता. सपाट चित्र, मागे उजेड, एक सांगणारा आवाज आणि एक वाद्य. दोन्हीकडे उत्तर तेच निघालं.

संगीत: एकच गाणं, पण थर थर वेगळे

गेममधलं संगीत खेळाप्रमाणे बदलतं ही कल्पना गेमइतकीच जुनी आहे. 1978 साली जपानमध्ये आलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार जाड स्वर होते, एकामागून एक उतरणारे. परग्रहवासी जसजसे मारले जात तसतसे हे चार स्वर जलद होत. एवढ्यावर खेळणाऱ्याचे तळहात घामेजत. पुढे 1991 च्या 'मंकी आयलंड 2'मध्ये लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' नावाची पद्धत वापरली. पात्र एका घरातून दुसऱ्या घरात गेलं की चाल मधेच तुटत नसे. ती वळण घेऊन दुसऱ्या चालीत मिसळायची.

आज दोन मुख्य तऱ्हा वापरल्या जातात.

पहिली तऱ्हा थरांची. संगीतकार एकच रचना एकाच लयीत बांधतो, पण तिचे भाग वेगवेगळे रेकॉर्ड करतो. समजा, तळाला तंबोऱ्यासारखा भरणा, त्यावर बासरी, त्यावर पखवाज, सगळ्यात वर झांज. गेममध्ये हे चारही भाग सतत एकत्र चालू असतात, फक्त काहींचा आवाज शून्य असतो. खेळाडू रिकाम्या अंगणात फिरतोय तोवर भरणा आणि बासरी ऐकू येते. शत्रू दिसला की पखवाजाचा आवाज हळूहळू उघडतो. तिघांनी घेरलं की झांज. शत्रू संपले की थर परत मिटतात. सगळं एकाच लयीत असल्यामुळे कुठेही सांधा जाणवत नाही. दशावतारात झांजवाला गप्प बसलेला असतो तेव्हाही तो नाटकातच असतो. त्याचा आवाज तेवढा शून्यावर असतो.

दुसरी तऱ्हा तुकड्यांची. इथे रचनेचे खंड पाडलेले असतात: शांतता, चाहूल, लढाई, विजय. गेमकडून इशारा आला की संगीत लगेच उडी मारत नाही. चालू आवर्तन संपेपर्यंत थांबतं आणि समेवर पुढच्या खंडात जातं. आवर्तन फार लांब ठेवलं तर खेळाडू मरून जातो आणि लढाईचं संगीत नंतर सुरू होतं. फार आखूड ठेवलं तर चाल सतत तुटक वाटते. संगीतकाराचा निम्मा वेळ या मापातच जातो.

हे सगळं जोडायला एफमॉड किंवा वाइज यांसारखी सॉफ्टवेअर वापरतात. संगीतकार त्यात नियम भरतो. शत्रूंची संख्या अमुक झाली तर हा थर उघड, राजीचा जीव थोडाच उरला असेल तर तमुक कर. म्हणजे नटाच्या पायाकडे बघायचं जे काम पखवाजवाला डोळ्यांनी करतो, ते इथे आधीच नियमांत लिहून ठेवावं लागतं. अर्थात चांगला पखवाजवाला नियमाबाहेरचंही काहीतरी करतो. सॉफ्टवेअरला ते येत नाही.

शिवाय कान थकण्याचा प्रश्न आहेच. एखादी लढाई खेळाडू पंचवीस वेळा हरू शकतो. पंचवीस वेळा तीच दणदणीत सुरुवात ऐकली तर कोणीही आवाज बंद करील. म्हणून वाणी, पाऊल, दाराचा आवाज यांच्यासाठी जागा सोडून संगीत मुद्दाम विरळ ठेवतात आणि कधीकधी काहीच वाजवत नाहीत. नव्या टीमची हमखास चूक इथे होते. सगळीकडे संगीत भरून टाकतात.

'राजी'चं संगीत लिनोस झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. त्याने भारतीय वाद्यं आणि बाल्कन प्रदेशातली वाद्यं एकत्र आणली. भारतीय पुराणकथेच्या गेमला ग्रीक संगीतकार का, असा प्रश्न काहींना पडू शकतो. पण परिणाम ऐकण्यासारखा आहे. बहुतेक समीक्षकांनी लढाईतल्या त्रुटींवर बोट ठेवलं, पण चित्र आणि संगीताला दाद दिली. या संगीताने सिनेमातल्या पौराणिक संगीताची सवयीची वाट पकडली नाही, हे त्यातलं मोठं यश म्हणायला हवं.

प्रगतीचा व्हिडिओ कसा बघावा?

इंडी टीम आपलं अर्धवट काम सतत दाखवत असतात, कारण जाहिरातीला पैसे नसतात. आज नवं पात्र, पुढच्या महिन्यात नवा संगीताचा तुकडा. बघणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवल्या तर त्यातलं खरं काम ओळखता येतं. फक्त स्थिर चित्रं दिसत असतील तर गेम अजून कागदावर असू शकतो. कोणीतरी प्रत्यक्ष खेळताना दिसत असेल, चुकत असेल, पुन्हा सुरुवात करत असेल, तर काम पुढे गेलेलं आहे. ठोकळ्यांची लेव्हल दाखवणारी टीम कच्ची नव्हे, बऱ्याचदा जास्त प्रामाणिक असते. संगीत ऐकताना ते ट्रेलरवर नुसतं चिकटवलंय की खेळाप्रमाणे बदलतंय, याकडे कान द्यावा. ट्रेलरचं संगीत एका दिवसात होऊ शकतं. बदलणाऱ्या संगीताला गेमच तयार असावा लागतो.

चित्र आणि संगीत यांत आधी कोण, याचं ठरलेलं उत्तर नाही. अनेक टीम तात्पुरतं म्हणून दुसऱ्याच गेमचं किंवा सिनेमाचं संगीत लावून काम सुरू करतात. त्याचा धोका असा की वर्षभर तेच ऐकून सगळ्यांना त्याचीच सवय होते आणि मग स्वतःच्या संगीतकाराचं नवं काम कोणालाच पटत नाही. संगीतकाराला करड्या ठोकळ्यांच्या टप्प्यावरच बोलावलेलं बरं. उशिरा बोलावलं तर पैसे संपलेले असतात, हेही आहेच.

भाषा आणि हक्क

'राजी' आला तेव्हा दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत बोलत होते. हिंदी आवाज आले ते 2022 च्या सुधारित आवृत्तीत. यामागे भाषेबद्दलची अनास्था असेलच असं नाही. आवाज रेकॉर्ड करायला पैसे लागतात आणि पहिला ग्राहक परदेशात होता. पण स्थानिकतेनेही बाजार मिळतो हे 2023 च्या 'वेन्बा'ने दाखवलं. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाची आणि त्यांच्या स्वयंपाकघराची ही छोटीशी गोष्ट. त्यात वाजणारी गाणी वेगवेगळ्या दशकांतल्या तमिळ सिनेसंगीताच्या ढंगात मुद्दाम नव्याने रचली आहेत. 2024 साली त्याला पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा मिळाला.

उद्या मालवणातल्या किंवा कुडाळातल्या कॉलेजच्या पोरांनी गेम करायचा म्हटलं तर खेळाच्या नियमांसाठीही लांब जायला नको. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात गोल आकाराची 120 पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. दिवसा खेळलं तर सुरुवात रामाच्या पानापासून आणि रात्री कृष्णाच्या. घड्याळाप्रमाणे खेळाचा नियम बदलायची ही युक्ती आजच्या मोबाइल गेमवाल्यांनाही आवडेल. 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी प्रयत्न केले म्हणून ही पानं रंगवणारे हात टिकले.

आवाजाच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. जत्रेत मोबाइलवर पखवाज रेकॉर्ड करून तो गेममध्ये टाकणं सोपं आहे, कायदेशीर नाही. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यालाही स्वतंत्र हक्क आहे आणि तो सादरीकरणानंतर 50 वर्षं टिकतो. 2012 च्या दुरुस्तीने त्यात आणखी भर पडली: सादरकर्त्याचं नाव दिलं जावं आणि त्याच्या सादरीकरणाची मोडतोड होऊ नये. आख्यान शेकडो वर्षांचं असेल, ते कोणाच्या मालकीचं नाही. पण त्या रात्री पडलेली ती थाप त्या वादकाची असते. त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आधी लेखी परवानगी, ठरलेलं मानधन, ते एकरकमी की विक्रीतला वाटा, आणि गेमच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव, गाव आणि वाद्य कसं लिहायचं, एवढं कागदावर यायला हवं. हंगाम सुरू झाला की कंपन्या रोज रात्री वेगळ्या गावात असतात. हे बोलणं करायचं तर पावसाळ्यात, वादक घरी असताना.